एमजीबी की टीआर-६? निर्णय बॉनेटखाली नव्हे, पत्र्याखाली

जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या संग्राहकांपुढे एक प्रश्न वर्षानुवर्षे उभा आहे. उघड्या टपाची, दोन आसनांची, आटोपशीर किमतीची आणि तरीही चारचौघांत मान मिळवून देणारी गाडी घ्यायची, तर एमजीबी घ्यावी की ट्रायम्फ टीआर-६? दोन्ही गाड्या एकाच काळातल्या. १९६८ साली ब्रिटिश लेलॅंड ही महाकंपनी स्थापन झाल्यावर दोघी एकाच मालकाच्या दावणीला बांधल्या गेल्या. दोघींचा मोठा ग्राहक अमेरिकेत होता, आणि दोघींच्या नशिबाचे फासेही पुढे अमेरिकेतील कायद्यांनीच टाकले. इतके साम्य असूनही या गाड्यांची घडण मुळातूनच वेगळी आहे. हौशी खरेदीदार बहुधा इंजिनाच्या आवाजावर भाळून निवड करतो. प्रत्यक्षात त्याचे पैसे वाचणार की बुडणार, हे इंजिनावर नव्हे तर पत्र्याखाली दडलेल्या गंजावर ठरते. आणि गंज या दोन गाड्यांना दोन निरनिराळ्या ठिकाणी खातो.

एमजीबी : साधेपणाचे दीर्घायुष्य

एमजीबी १९६२ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात लोकांपुढे आली आणि ऑक्टोबर १९८० पर्यंत ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथील कारखान्यात तयार होत राहिली. सिड एनेव्हर हे तिचे प्रमुख अभियंता, तर बाह्यरूपाचे काम प्रामुख्याने डॉन हेटर यांचे. तिच्या आधीच्या एमजीए या गाडीला स्वतंत्र चेसिस होती; एमजीबीत ती काढून टाकण्यात आली आणि गाडीचे अंग हाच तिचा सांगाडा झाला. बंद टपाची जीटी ही आवृत्ती १९६५ मध्ये आली. दोन्ही मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. एका स्पोर्ट्स कारसाठी त्या काळी हा आकडा अचंबित करणाराच होता.

तिचे १७९८ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन भारतीय वाचकाला अगदीच परके नाही. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ज्या ‘बी-सीरीज’ कुळातले ते आहे, त्याच कुळातले १४८९ सीसीचे इंजिन आपल्या अँबेसेडरच्या बॉनेटखाली कित्येक वर्षे धडधडत होते. अँबेसेडर हाताळलेल्या जुन्या मेकॅनिकला एमजीबीचे बॉनेट उघडल्यावर नात्यातले माणूस भेटल्यासारखे वाटेल, ते यामुळेच. दोन एसयू कार्बोरेटरच्या साह्याने हे इंजिन सुमारे ९५ अश्वशक्ती देई. आरंभीच्या इंजिनांत क्रॅंकशाफ्टला तीनच मुख्य बेअरिंग होती. १९६४ च्या अखेरीस ती पाच झाली आणि इंजिन अधिक कणखर बनले. १९६७ च्या सुधारित आवृत्तीत पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश आले, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसला. मागे मात्र शेवटपर्यंत जुन्या पद्धतीचा सलग ॲक्सल आणि त्याखाली पाट्यांच्या स्प्रिंगा, अशीच योजना राहिली. यात नावीन्य काहीच नव्हते, पण बिघडण्यासारखेही फारसे काही नव्हते.

टीआर-६ : सहा सिलिंडरांचा दिमाख

टीआर-६ चे उत्पादन कॉव्हेंट्रीतील कॅनली येथे १९६८ च्या अखेरीस सुरू झाले आणि जुलै १९७६ मध्ये थांबले. तिच्या रूपाची कथा गमतीची आहे. टीआर-४ चे देखणे अंग इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी घडवले होते. हेच मिकेलोत्ती ट्रायम्फ हेराल्डचेही शिल्पकार. आणि ती हेराल्ड मद्रासमध्ये ‘स्टॅंडर्ड हेराल्ड’ या नावाने बनून भारतीय रस्त्यांवर धावली, हे जुन्या पिढीला आठवत असेल. टीआर-४ चे रूप बदलायची वेळ आली तेव्हा मिकेलोत्ती अन्य कामांत गुंतलेले होते. काम जर्मनीतील कारमान कंपनीकडे गेले. दारे, समोरची काच आणि मधला भाग तसाच ठेवून कारमानने फक्त नाक व पाठ बदलली. इतक्या काटकसरीतून निघालेली गाडी मूळ रचनेहून अधिक मर्दानी दिसावी, हे श्रेय जर्मन कारागिरांचे.

हिच्याकडे २४९८ सीसीचे सरळ रांगेतले सहा सिलिंडरांचे इंजिन आहे. ब्रिटनमध्ये विकल्या गेलेल्या गाड्यांवर लुकास कंपनीची यांत्रिक पेट्रोल इंजेक्शन पद्धती होती आणि आरंभी १५० अश्वशक्ती सांगितली जाई. १९७३ च्या आवृत्तीपासून हा आकडा १२५ च्या आसपास आला. कॅमशाफ्ट सौम्य करण्यात आला हे त्याचे एक कारण. शक्ती मोजण्याची पद्धत बदलली हे दुसरे. अमेरिकेला गेलेल्या गाड्यांवर प्रदूषणाच्या नियमांपायी इंजेक्शनऐवजी दोन स्ट्रॉमबर्ग कार्बोरेटर बसले आणि शक्ती शंभरीच्या जेमतेम वर राहिली. एकूण नव्वद हजारांहून थोड्या अधिक टीआर-६ तयार झाल्या; त्यांपैकी ब्रिटनमध्ये विकल्या गेल्या त्या दहा हजारांच्याही आत.

रस्त्यावरील फरक कोणालाही पहिल्या मैलातच कळतो. इंजेक्शनवाली टीआर-६ ताशी ६० मैलांचा वेग आठ-साडेआठ सेकंदांत गाठते, एमजीबीला बारा सेकंदांच्या आसपास लागतात. टीआर-६ च्या मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे. जोरात निघताना तिची पाठ खाली बसते आणि नाक वर उचलले जाते. अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड, जड स्टिअरिंग आणि सहा सिलिंडरांचा घनगंभीर स्वर यामुळे ती अधिक मोठ्या व महागड्या गाडीचा आव आणते, आणि तो बऱ्याच अंशी निभावूनही नेते. एमजीबी हलकी, समतोल आणि आज्ञाधारक आहे. दिवसभर चालवल्यावर चालक कमी थकतो तो एमजीबीत. दोन्ही गाड्यांना ओव्हरड्राइव्ह ही जोड मिळत असे. लांबच्या रस्त्यावर तिने इंजिनाचे फेरे कमी होतात आणि कानांनाही विसावा मिळतो. ती नसलेली गाडी स्वस्त मिळाली तरी दोनदा विचार करावा.

एमजीबीचा गंज

आता मूळ मुद्द्याकडे. एमजीबीला चेसिस नाही, म्हणजे तिचा भार दाराखालून जाणाऱ्या पोकळ पेटीसारख्या पट्टीवर, म्हणजे सिलवर आहे. टप नसल्यामुळे वरून आधार देणारे काहीच उरत नाही. सिल म्हणजे पत्र्याचा एकच थर नव्हे. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, दोहोंमध्ये उभा पडदा आणि खाली दुमडलेली घडीची पट्टी, असे ते चार भागांचे काम आहे. पाणी आणि हिवाळ्यात ब्रिटनच्या रस्त्यांवर टाकले जाणारे मीठ याच पोकळीत साचते. बाहेरचा पत्रा शेवटी सडतो. तोपर्यंत आतले भाग केव्हाच गेलेले असतात.

यातूनच फसवणुकीचा सर्वांत जुना प्रकार निघाला. सडलेल्या सिलवर नवा पत्रा टोपीसारखा चढवायचा, वेल्डिंग करायचे आणि रंग मारायचा. गाडी नव्यासारखी चकाकते, मात्र आतली ताकद गेलेलीच असते. खरे सिल पुढच्या मडगार्डच्या मागे व मागच्या पॅनेलच्या आत शिरलेले असते. ते नीट बदलायचे तर या दोन्ही पत्र्यांचा खालचा भाग कापून पुन्हा जोडावा लागतो. तेव्हा तेथील जोड पाहावा, कामाची छायाचित्रे मागावीत. छायाचित्रे नाहीत असे सांगणाऱ्या विक्रेत्याच्या किमतीतून सिलचा खर्च मनातल्या मनात वजा करावा.

एक साधी परीक्षा जाणकार हटकून करतात. गाडी बाजूच्या जॅकच्या जागेवर उचलावी आणि दार उघडून पुन्हा लावावे. दाराच्या मागच्या कडेची फट वरच्या बाजूला मिटत आली किंवा दार अडकले, तर गाडी मध्यातून वाकते आहे असे समजावे. जॅकची जागाच आत दबली तर पुढची परीक्षा करण्याचीही गरज नाही. दुरुस्ती करतानाही दारांच्या चौकटीला आडवे आधार न देता सिल कापले, तर गाडी वाकडी होते आणि त्याच वाकड्या अवस्थेत वेल्ड होऊन बसते. मग कितीही रंगरंगोटी केली तरी दारे कधीच नीट बसत नाहीत.

याखेरीज पुढच्या मडगार्डचा वरचा भाग, पायाखालची जमीन आणि आसनांमागची बॅटरीची जागा पाहावी. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत तेथे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत. सांडलेल्या आम्लाने तो पत्रा हमखास खाल्लेला असतो.

एवढे भय दाखवल्यावर एमजीबीची मोठी जमेची बाजूही सांगायला हवी. कारखाना बंद झाल्यानंतर जुने मूळ साचे शोधून काढून ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने १९८८ मध्ये एमजीबीचे संपूर्ण नवे अंग विकायला काढले. उत्पादन थांबलेल्या गाडीचा अख्खा सांगाडा नवा कोरा मिळावा, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. याचा अर्थ असा की एमजीबी कितीही सडली तरी तांत्रिकदृष्ट्या ती वाचवता येते. ती वाचवणे परवडते की नाही, हा वेगळा हिशोब. कारण पूर्ण जीर्णोद्धाराचा खर्च बहुतेक वेळा तयार गाडीच्या बाजारभावापेक्षा जास्त येतो.

टीआर-६ चा गंज

टीआर-६ मध्ये पोलादी चेसिस खाली आणि त्यावर बोल्टनी बसवलेले अंग अशी जुनी रचना आहे. वरवर पाहता ही अधिक सुरक्षित वाटते. अंगाचा पत्रा सडला तरी गाडी उभी राहते. पण यातच धोका आहे, कारण चेसिस दिसत नाही. तिच्या मध्यभागी जिथे दोन्ही बाजूंचे दांडे जवळ येतात, तिथे वरखाली पत्रे जोडलेले आहेत. त्यांच्या आकारावरून ब्रिटिश कारागीर त्यांना ‘टी-शर्ट’ म्हणतात. या पत्र्यांच्या आत पाणी साचते. त्याच्या लगतच मागच्या चाकांचे सस्पेन्शन तोलणारे हात चेसिसला जोडलेले आहेत. म्हणजे गाडीचा जो भाग सर्वाधिक ताण सोसतो, नेमका तोच आतून कुजतो. गाडी खड्ड्यावर चढवून, हातोडीच्या टोकाने ठोकत हा भाग पाहिल्याशिवाय टीआर-६ चा सौदा करूच नये.

दुसरी जागा डिफरन्शिअलची. ते चेसिसवरच्या खिळ्यांवर लटकलेले असते आणि सहा सिलिंडरांचा जोर सोसताना हे खिळे मुळातून तडकतात. क्लच सोडताना मागून ‘टणक्’ असा आवाज आला तर संशय तेथेच घ्यावा. तिसरी खूण इंजिनाची. एकाला क्लच दाबायला सांगून दुसऱ्याने क्रॅंकशाफ्टच्या पुढच्या पुलीकडे पाहावे. पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढे-मागे सरकली, तर आतल्या थ्रस्ट वॉशरची झीज झाली आहे. ते वॉशर निसटून खाली पडले की इंजिनाचा ठोकळाच निकामी होऊ शकतो. दोन मिनिटांची ही तपासणी न केल्याने अनेकांनी इंजिनाच्या संपूर्ण दुरुस्तीचा भुर्दंड सोसला आहे.

चेसिस गेली असेल तर ती नवी मिळते, हे खरे. पण त्यासाठी संपूर्ण अंग उचलून वेगळे करावे लागते आणि पुन्हा बसवताना दारांच्या फटी जुळवण्यात आठवडे जातात. टीआर-६ च्या दारांच्या फटी कारखान्यातूनही फारशा नेटक्या येत नसत, त्यामुळे थोडी उणीव क्षम्य मानावी. एका बाजूची फट रुंद आणि दुसरीकडची अरुंद, असे दिसल्यास मात्र चेसिस वाकलेली असण्याची शक्यता धरावी.

इंजेक्शनची बदनामी

लुकासच्या पेट्रोल इंजेक्शनने टीआर-६ ला वेग दिला आणि कुप्रसिद्धीही. त्या पद्धतीचा विजेवर चालणारा पेट्रोल पंप उन्हाळ्यात, विशेषतः टाकी अर्धी रिकामी असताना, तापून दाब गमावत असे आणि गाडी रस्त्यातच आचके देऊ लागे. परिणामी १९७० आणि ८० च्या दशकांत असंख्य मालकांनी इंजेक्शन काढून टाकून कार्बोरेटर बसवले. आज उलटी गंगा वाहते आहे. जिच्यावर मूळ इंजेक्शन शाबूत आहे तिला अधिक किंमत मिळते. बहुतेक मालक बॉशचा आधुनिक पंप लावून उष्णतेचा प्रश्न निकालात काढतात, आणि नीट जुळवलेली ही यंत्रणा आता भरवशाची मानली जाते. मात्र ती जुळवणारे हात थोडे आहेत. जवळपास असा जाणकार नसेल, तर कार्बोरेटरची गाडीच बरी.

अमेरिकेची छाया

अमेरिकेतील बंपरविषयक नियमांसाठी १९७४ च्या उत्तरार्धात एमजीबीचे चकचकीत क्रोम बंपर गेले आणि काळे रबरी नाक आले. दिव्यांची उंची नियमात बसावी म्हणून गाडी इंच-दीड इंचाने उंच करण्यात आली. परिणामी वळणावर ती झुकू लागली. अमेरिकी आवृत्तीवर एकच कार्बोरेटर राहिल्याने शक्तीही घसरली. रबरी बंपरच्या गाड्यांना आजही कमी किंमत मिळते ती यामुळे. तरीही उंची कमी करणे अवघड नाही, आणि शोपेक्षा चालवण्याची हौस असलेल्याला अशी धडधाकट रबरी गाडी सडक्या क्रोम गाडीहून केव्हाही सरस ठरेल. टीआर-६ चे बंपर अखेरपर्यंत क्रोमचेच राहिले. अमेरिकेत त्यांवर काळे रबरी गुटके आले एवढेच.

ब्रिटनमध्ये आज दिसणाऱ्या कित्येक टीआर-६ अमेरिकेतून परत आलेल्या आहेत. कोरड्या प्रांतातून आल्याने त्यांचा पत्रा अनेकदा चांगला असतो, पण त्या मूळच्या डाव्या स्टिअरिंगच्या व कार्बोरेटरच्या. स्टिअरिंग उजवीकडे आणून, वर इंजेक्शन चढवून अशी गाडी मूळ ब्रिटिश म्हणून खपवण्याचा मोह काहींना होतो. क्रमांकाची पाटी येथे खरे बोलते. सीपी या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक १५० अश्वशक्तीच्या इंजेक्शनवाल्या गाडीचा, सीआर नंतरच्या इंजेक्शनवालीचा. सीसी व सीएफ या कार्बोरेटरच्या. एमजीबीतही अशीच खूण आहे. उघड्या गाडीचा क्रमांक जीएचएन या अक्षरांनी, तर बंद टपाच्या जीटीचा जीएचडीने सुरू होतो. जीटीचा टप कापून केलेली ‘उघडी’ गाडी या एका अक्षराने उघडी पडते. गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम कारखान्याच्या नोंदींवरून दोन्ही गाड्यांचे प्रमाणपत्र देते. मूळ रंग, इंजिनाचा क्रमांक आणि गाडी कोणत्या देशासाठी बनली हे त्यावरून कळते. किमतीची घासाघीस करण्याआधी ते मागवलेले बरे.

कोणी कोणती घ्यावी

सारख्या प्रतीच्या दोन गाड्या घेतल्या तर टीआर-६ साठी सर्वसाधारणपणे जास्त पैसे मोजावे लागतात. ती संख्येने कमी आहे, तिच्या अंगी जोर आहे. एमजीबीची संख्या अफाट असल्याने तिची किंमत आकाशाला भिडण्याचा संभव थोडा. पण सुटे भाग सहज व स्वस्त मिळतात, आणि विकायला काढली तर गिऱ्हाईक लवकर मिळते. पहिल्यांदाच जुनी गाडी घेणाऱ्याने १९६७ ते १९७४ दरम्यानची, ओव्हरड्राइव्ह असलेली क्रोम बंपरची एमजीबी घ्यावी, हा सल्ला शिळा वाटला तरी अजून मोडीत निघालेला नाही. ज्याच्यापाशी चांगला कारागीर आहे आणि चेसिसची नीट पाहणी करण्याचा धीर आहे, त्याने सीपी क्रमांकाच्या टीआर-६ कडे वळावे. चकाकत्या टीआर-६ च्या किमतीत सडकी चेसिस गळ्यात पडण्यापेक्षा निकोप एमजीबी आणि हाती उरलेले पैसे, हा सौदा शहाणपणाचा.

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना रस्ताकर माफ आहे आणि मे २०१८ पासून, त्यांत मूलभूत फेरफार केले नसल्यास, वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. सोय म्हणून हे ठीक असले तरी त्यामुळे कोणाच्याही नजरेखालून न गेलेल्या गाड्या बाजारात येऊ लागल्या आहेत. स्वखर्चाने तपासणी करून घेणे अधिकच अगत्याचे झाले आहे. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना धूर तपासणीतून सूट आहे, त्यानंतरच्या एमजीबीला नाही. तेथे स्थायिक झालेल्या मराठी हौशींनी गाडीचे वर्ष आधी पाहावे.

भारतात जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी होते. क्रमांकात व्हीए ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. अशी गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती व इंधन यांसाठीच ती बाहेर काढायची. येथे गाडी बाळगणाऱ्याला मिठाची धास्ती नाही, पण मुंबई-कोकणची दमट हवा आहे. इथेनॉलचाही प्रश्न आहेच. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, भारतात ते प्रमाण वीस टक्क्यांवर गेले आहे. जुन्या रबरी नळ्या, कार्बोरेटरची वॉशरे आणि टीआर-६ च्या इंजेक्शनमधील रबरी सीले इथेनॉलने फुगतात, भेगाळतात. गाडी हाती येताच इंधनाच्या सर्व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या करून घ्याव्यात, आणि महिनोन्महिने उभी ठेवायची असल्यास टाकी व नळ्यांतले जुने पेट्रोल काढून टाकावे.